मक्याच्या पेशीतलं मौन

श्रावण अर्धा सरला आहे, असं समजा. धडगावच्या पुढे, सातपुड्याच्या उतारावर, दगडगोट्यांच्या एका शेताच्या बांधावर तुम्ही बसला आहात. सकाळी एक सर येऊन गेली. मका डोक्याच्या वर गेला आहे आणि तुरे बाहेर पडले आहेत. घाईत असाल तर पान दुमडून ठेवा, संध्याकाळी वाचा. आपल्याला एका गोष्टीपाशी सावकाश जायचं आहे आणि ती डोळ्यांना दिसणारी नाही.

आधी दिसतं ते पुरेसं बघून घ्या. ताट एकच, सरळ, फांद्या नसलेलं. पानं एक डावीकडे, एक उजवीकडे अशी चढत गेलेली. मधल्या पानाच्या बगलेत कणीस धरलं आहे आणि त्याच्या टोकातून ओलसर केस लोंबताहेत. यातला प्रत्येक केस आत एका होऊ घातलेल्या दाण्यापर्यंत पोचतो. झुळूक आली की वरच्या तुऱ्यातून पिवळसर पूड उडते, तुमच्या बाहीवर बसते. ती झटकू नका, तिचं काम आहे.

हा मका मूळचा इथला नाही. मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाने तो तिओसिंते नावाच्या रानटी गवतापासून घडवला. कोलंबसानंतर तो समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. पण भिल्ल आणि पावरा घरांत तो पाहुणा राहिलेला नाही. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात त्याचे पांढरे, पिवळे, लालसर, काळपट वाण घराघरांतून राखले गेले. बियाण्यासाठी चांगली कणसं निवडायची, पाल्यासकट छताला टांगायची, पाऊस आला की उतरवायची. एवढ्यावर कितीतरी पिढ्या गेल्या.

आता एक पान निवडा आणि मनानेच आत उतरा. हिरव्या पट्ट्यातल्या एका पेशीत शिरा, तिच्या केंद्रकापाशी या. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागात ते सहज मावेल. त्यात डीएनएचा धागा आहे, दहा जोड्या गुणसूत्रांत विभागलेला. सगळे धागे उलगडून एकापुढे एक मांडले तर साधारण दीड मीटर भरतील. एवढ्याशा जागेत, उभ्या माणसाच्या खांद्यापर्यंत पोचेल इतका लांब धागा.

धाग्यावर चार अक्षरांत मजकूर आहे. मक्याच्या एका संचात सुमारे २३० कोटी अक्षरं. २००९ मध्ये बी७३ नावाच्या एका वाणाचा मजकूर जवळजवळ पूर्ण वाचून प्रसिद्ध झाला. पान कसं करायचं, केस कुठे फुटायचे, दाण्यात पिठूळ भाग किती भरायचा, हे सांगणारी जनुकं त्यात तीस-चाळीस हजार निघाली. ती मजकुराचा लहानसा भाग व्यापतात. उरलेल्यातला बहुतेक, म्हणजे एकूण मजकुराचा सुमारे ८५ टक्के भाग, अशा तुकड्यांचा आहे ज्यांना कधी ना कधी आपली जागा बदलता येत होती. त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. काही तुकडे एका जागेवरून सुटून दुसरीकडे बसतात. काही जागचे हलत नाहीत, पण आपली आरएनए प्रत काढतात आणि त्या प्रतीवरून बनलेला नवा तुकडा भलत्याच ठिकाणी घुसवतात. मक्यात दुसऱ्या प्रकारचेच फार झाले, कारण त्यांत मूळ राहतं आणि भर पडत जाते.

इथे जरा थांबा. समोरचं ताट पुन्हा बघा. ते मक्याचं आहे, हे खरंच. पण त्याच्या प्रत्येक पेशीतला बहुतेक मजकूर मक्याने मक्यासाठी लिहिलेला नाही. त्यातले पुष्कळ तुकडे मोडके आहेत, काळाच्या ओघात अक्षरं गळून निकामी झालेले. मात्र सगळे नाहीत. काहींना आजही हलता येतं. ते हलले आणि एखाद्या जनुकाच्या मधोमध जाऊन बसले, तर ते जनुक बंद पडतं. सगळे एकदम हलले तर रोप उभंच राहणार नाही. आणि तरी हे शेत उभं आहे, ओळीने, हिरवंगार. म्हणजे तिथे आत कोणीतरी शांतता राखतं आहे. त्या शांततेपाशी आपल्याला बसायचं आहे.

पण शांतता थेट ऐकू येत नाही. ती कुठे मोडते ते आधी बघावं लागतं.

कल्पनेतच दोन महिने पुढे जा. मका वाळला आहे, कणसं खुडली आहेत. रंगीत मक्याचं एक कणीस सोला. समजा, दाण्यांच्या ओळीत एक असा दाणा लागला जो पूर्ण काळा नाही आणि पूर्ण पांढराही नाही. फिकट पाठीवर जांभळे ठिपके. त्याला बोटांत धरा.

ठिपका कसा पडतो, हे अमेरिकेतल्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या मक्याच्या शेतात बसून शोधलं. दाण्याच्या सालीखाली पेशींचा एक पातळ थर असतो, रंग त्यात भरतो. रंगाच्या जनुकात एक हलता तुकडा येऊन बसला की जनुक बंद पडतं आणि दाणा फिका राहतो. पण दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उडून गेला तर जनुक पुन्हा जागं होतं, आणि त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या लेकी रंगीत होतात. तोच ठिपका. तुकडा लवकर उडाला असेल तर पेशीच्या लेकींची संख्या मोठी, म्हणून ठिपका मोठा. उशिरा उडाला असेल तर टाचणीच्या टोकाएवढा. बसणाऱ्या तुकड्याला मॅक्लिंटॉक यांनी ‘डिसोसिएशन’ नाव दिलं. तो स्वतःहून हलू शकत नाही. त्याला हलवणारा दुसरा तुकडा लागतो, तो ‘ॲक्टिव्हेटर’. आणि ॲक्टिव्हेटरच्या प्रती जितक्या जास्त, तितकी उडी उशिरा आणि ठिपके बारीक, हेही त्यांनीच दाखवलं.

म्हणजे तुमच्या बोटांत एका हालचालीची नोंद आहे. कोणत्या पेशीत, किती उशिरा, किती वेळा. ठिपके मोजा. एकेका ठिपक्यामागे एक उडी आहे.

मॅक्लिंटॉक यांनी हे १९५० मध्ये प्रसिद्ध केलं, १९५१ च्या परिषदेत मांडलं. ऐकणाऱ्यांना ते पटलं नाही म्हणा किंवा कळलं नाही म्हणा. १९५३ नंतर त्यांनी या विषयावर सविस्तर लिहिणं जवळपास सोडून दिलं, काम मात्र सोडलं नाही. नोबेल मिळालं तेव्हा १९८३ साल होतं आणि त्यांचं वय ८१. त्यांच्याही आधी, १९१४ मध्ये, रॉलिन्स इमर्सन यांनी लाल रेघांच्या मक्याचा अभ्यास केला होता. दाण्याच्या सालीवर उमटणाऱ्या या रेघाही अशाच उड्यांच्या, हे फार पुढे कळलं. साल आईच्या शरीराची असते, आतला भाग पुढच्या पिढीचा. म्हणून रेघ दिसली तर उडी आईच्या अंगात झाली, ठिपका दिसला तर लेकराच्या.

आता दाणा खाली ठेवा. त्याच कणसातले बाकीचे दाणे बघा. एकरंगी, गुळगुळीत. त्यांतही हलते तुकडे हजारोंनी आहेत. ते गप्प आहेत. आपला प्रश्न त्यांच्याविषयी आहे.

उत्तराचा पहिला पक्का धागा मक्यात सापडला नाही. तो एक मिलिमीटर लांबीच्या गांडुळवजा कृमीत सापडला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दाखवलं की कृमीत दुपदरी आरएनए टोचला तर त्याच मजकुराचं जनुक गप्प होतं. आरएनए एरवी एकपदरी असतो. जनुकावरून त्याची प्रत निघते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. दुपदरी आरएनए मात्र पेशीला खटकतो. अगदी थोडे रेणू पुरतात. या क्रियेला आरएनए इंटरफेरन्स म्हणतात. त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आपल्याकडची कित्येक मुलं ज्या वर्षी नव्या जिल्ह्यात जन्मली, त्या वर्षापर्यंत पेशीतल्या या सगळ्या कारभाराचा माणसाला पुरता पत्ता नव्हता, हे लक्षात राहावं म्हणून सांगितलं. कारभार स्वतः कोट्यवधी वर्षांचा आहे.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, ज्या कृमींत ही क्रिया बिघडली होती त्यांतल्या काहींत एक विचित्र गोष्ट दिसली. त्यांचे हलते तुकडे मोकळे सुटले होते. एरवी बीजपेशींत शांत बसणारे तुकडे उड्या मारत होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉल्कम यांना वनस्पतींत जेमतेम २५ अक्षरांचे आरएनएचे तुकडे सापडले, गप्प केलेल्या जनुकांशी जुळणारे. शांतता राखणारं कोण, याचा माग लागला.

आता पुन्हा पेशीत या. घडतं ते सावकाश, एकेका पायरीने बघा.

एखादा हलता तुकडा बोलायला लागतो, म्हणजे त्याची आरएनए प्रत निघते. ती कुठेतरी दुपदरी होते: कधी उलटसुलट प्रती एकमेकींना चिकटतात, कधी पेशीतलं एक प्रथिन एकपदरी प्रतीवर दुसरा पदर विणून देतं. दुपदरी धागा दिसला की डायसर नावाचं प्रथिन त्याला पकडतं आणि अडकित्त्याने सुपारी कातरावी तसे ठरावीक मापाचे तुकडे पाडतं. २१ अक्षरांचे, २२ चे, २४ चे. त्यातला एक पदर आर्गोनॉट नावाचं दुसरं प्रथिन आपल्या खोबणीत धरतं, दुसरा टाकून देतं. आणि मग तो २१-२४ अक्षरांचा तुकडा धरून ते पेशीत फिरतं. त्याच्याशी नेमका जुळणारा मजकूर भेटला की तिथे थांबतं. भेटलेला मजकूर आरएनए असेल तर तो कापला जातो.

वनस्पतींत आणखी एक पायरी आहे आणि माझ्या मते सगळ्यात विचार करण्यासारखी तीच. २४ अक्षरांचे तुकडे केंद्रकात परततात, गुणसूत्रावरच्या मूळ जागेपाशी जातात आणि तिथल्या डीएनएवर मिथाइलच्या खुणा करायला लावतात. खुणा पडल्या की धागा घट्ट गुंडाळला जातो, तुकडा बोलेनासा होतो. पण पूर्ण बोलेनासा झाला तर पुढच्या वेळी त्याच्याशी जुळणारे २४ अक्षरी तुकडे येणार कुठून? म्हणून वनस्पतींनी एक वेगळं यंत्र राखलं आहे, पॉलिमरेज ४ नावाचं. गुंडाळलेल्या, गप्प केलेल्या जागांवरूनच ते थोडी थोडी आरएनए प्रत काढत राहतं. ती प्रत प्रथिन बनवायला जात नाही. ती कातरली जाते, परत येते, पुन्हा खूण करते.

यापाशी बसा. गप्प राहण्यासाठी त्या जागेला सतत पुटपुटत राहावं लागतं. ते पुटपुटणं थांबलं तर शांतता ढळू शकते.

माझं म्हणणं इथे सांगून टाकतो. या तुकड्यांना पुस्तकांत बरीच वाईट नावं मिळाली आहेत: स्वार्थी, परजीवी, कचरा. आणि त्यांना आवरणाऱ्या यंत्रणेला हटकून पोलिसाची उपमा दिली जाते. जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा या देशात १८७१ मध्ये झाला आणि त्यातून त्या माणसांची सुटका व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. भटकण्यावरच वहीम घेणारा तो कायदा आठवला की ती उपमा मला इथे वापरवत नाही. शिवाय ती चूक आहे. पेशी कुणालाही हाकलत नाही. तुकडा जिथे आहे तिथेच राहतो, पेशीच्या प्रत्येक विभाजनात इमानाने त्याचीही प्रत निघते, दर पावसाळ्यात दाण्यातून पुढे जाते. पेशी करते ते एवढंच: त्याच्याच मजकुरातला दोन डझन अक्षरांचा तुकडा जवळ ठेवते आणि त्याच्या आधारे त्याला ओळखत राहते. बाहेरचं कोणतंही हत्यार यात नाही.

मक्यातलंच एक उदाहरण याला इतकं नेमकं आहे की ते टाळता येत नाही. १९७८ मध्ये डोनाल्ड रॉबर्टसन यांना आयोवात मक्याचं असं एक कूळ सापडलं ज्यात नवनवे बिघाड एरवीपेक्षा कितीतरी पटींनी होत होते. त्यामागे ‘म्युटेटर’ कुळातले हलते तुकडे निघाले, मक्यातले सगळ्यात उनाड. पुढे डॅमन लिश आणि कीथ स्लॉटकिन यांना मक्याच्याच एका वंशात असं काही भेटलं ज्याच्या नुसत्या संकराने म्युटेटर गप्प होत होता. त्याचं नाव ‘म्यू किलर’. २००५ मध्ये कळलं की हा म्यू किलर म्हणजे म्युटेटरच्याच म्होरक्याचा, म्हणजे कुळातल्या बाकीच्यांना हलवणाऱ्या तुकड्याचा, अर्धवट, दुमडलेला भाग. उडताना किंवा जुळताना कधीतरी घोटाळा झाला आणि त्याचे दोन भाग एकमेकांकडे तोंड करून बसले. त्याची प्रत निघाली की ती स्वतःवरच दुमडते, दुपदरी होते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: डायसर, तुकडे, आर्गोनॉट, खूण. उनाडाला गप्प करणारा त्याचाच मोडका भाऊ.

आणि गंमत पुढे आहे. संततीत म्यू किलर उतरला नाही तरीही एकदा गप्प झालेला म्होरक्या गप्पच राहतो, पिढ्या ओलांडून. पण आरएनएवर दुसरा पदर विणणारं प्रथिन बिघडवलं, तर काही पिढ्यांनी तो हळूहळू जागा होतो. लगेच नाही. मौनालाही सवय असावी आणि ती सुटायला वेळ लागावा, तसं. (‘सवय’ हा शब्द शास्त्रज्ञांना आवडणार नाही. मला दुसरा सुचला नाही.)

आता बाहीवरची पूड बघा.

एक कण. मक्याचा परागकण इतका मोठा की चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसतो. एका तुऱ्यातून असे लाखो उडतात आणि काही तासांतच निकामी होतात. कणाच्या आत तीन केंद्रकं असतात. दोन नर पेशींची. त्यांतली एक नवं रोप घडवायला जाते, दुसरी दाण्यातला पिठूळ भाग घडवायला. तिसरं केंद्रक सोबत्याचं. कणसाच्या केसावर पडल्यावर लांब नळी वाढवून नर पेशींना आत पोचवणं हे त्या सोबत्याच्या पेशीचं काम. ते झालं की ती संपते. तिला वारस नाही.

२००९ मध्ये स्लॉटकिन आणि त्यांच्या सोबत्यांनी मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या लहानशा तणाच्या परागकणांत हे तपासलं. सोबत्याच्या केंद्रकात हलते तुकडे मोकळे सोडलेले दिसले. खुणा पुसलेल्या, गुंडाळी सैल, तुकडे बोलताहेत. आणि त्यांच्यापासून कातरलेले २१ अक्षरी आरएनए साठले होते नर पेशींमध्ये, जिथे ते तुकडे बोलतच नव्हते. याचा अर्थ त्यांनी असा लावला: ज्याला वारस नाही त्या केंद्रकात उनाडांना बोलू द्यायचं, त्यांची ओळख पटवून घ्यायची आणि ती ओळख पुढे जाणाऱ्या पेशींच्या हाती द्यायची. हे त्या तणात पाहिलेलं आहे. मक्याच्या कणाचं घर मात्र तसंच, तिघांचं आहे. तुमच्या बाहीवरचा कण केसापर्यंत पोचला नाही, त्याची गोष्ट इथेच संपली. त्याच्याकडे थोडा वेळ नुसतं बघा.

ही ओळख आईकडूनही येते. फळमाशीत ‘पी’ नावाचा हलता तुकडा विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दुसऱ्या जातीच्या माशीकडून आला आणि जगभरच्या रानातल्या माश्यांत पसरला. त्याआधी पकडून प्रयोगशाळेत वाढवलेल्या माश्यांत तो नव्हता. १९७७ मध्ये मार्गारेट किडवेल आणि इतरांनी नोंदवलं: रानातला नर आणि प्रयोगशाळेतली मादी यांची पिल्लं वांझ निघतात. उलट जोडी लावली, मादी रानातली आणि नर प्रयोगशाळेतला, तर पिल्लं धडधाकट. दोन्हीकडे पिल्लांना तोच डीएनए मिळतो. मग फरक कशाचा? २००८ मध्ये त्याचं उत्तर आलं. रानातली आई अंड्यात फक्त जनुकं ठेवत नाही, ‘पी’शी जुळणारे छोटे आरएनएही ठेवते. बापाकडून तुकडा आला आणि आईकडून त्याची ओळख आली नाही, तर पिल्लू उघडं पडतं.

आपल्याही शरीरात हेच आहे. माणसाच्या मजकुरातला जवळपास अर्धा भाग अशा तुकड्यांचा, आणि मजकुराचा सहावा हिस्सा तर ‘लाइन-१’ या एकाच प्रकाराचा. त्याच्या पाच लाखांवर प्रतींपैकी शंभरेक अजून हलू शकतात. १९८८ मध्ये हिमोफिलिया झालेल्या दोन मुलांत, ज्यांच्या आईवडिलांत हा बिघाड नव्हता, रक्त गोठवणाऱ्या जनुकात लाइन-१ येऊन बसलेला आढळला. उंदरांत हे तुकडे गप्प ठेवणारे छोटे आरएनए बिघडवले की नर वांझ होतात. तुम्ही आत्ता बांधावर बसून श्वास घेता आहात तेव्हा तुमच्या आतही ही राखण चालू आहे. एवढं जाणून पुढे जाऊ, कारण मक्याचं अजून एक देणं सांगायचं राहिलं आहे.

शांतता सगळीकडे सारखी नसते. मॅक्लिंटॉक यांनी नोबेलच्या भाषणात पेशीला बसणाऱ्या धक्क्यांबद्दल सांगितलं होतं. अशा धक्क्याने तुकडे जागे होतात. उन्हाचा धक्का त्यातलाच. २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञ हिदेताका इतो यांनी त्याच मोहरीकुळातल्या तणात उष्णतेने जागा होणारा एक तुकडा अभ्यासला. त्याचं नाव ‘ओनसेन’, जपानीत गरम पाण्याचा झरा. शहाद्याजवळच्या उनपदेवाची आठवण यावी असं नाव. तापवलं की ओनसेन सगळ्याच रोपांत बोलतो, पण थंड झाल्यावर धडधाकट रोप त्याला पुन्हा गप्प करतं. छोटे आरएनए बनवता न येणाऱ्या रोपांत मात्र त्याच्या नव्या प्रती पुढच्या पिढीत उतरलेल्या सापडल्या. तापीकाठच्या मे महिन्यात आपल्या पिकांच्या पेशींत काय काय जागं होत असेल, याचा विचार मनात येतो. येऊ द्या. त्याचं उत्तर लगेच मागू नका.

आणि आता सुरुवातीला नुसतं बघितलेलं ताट नीट बघा. एकच, सरळ, फांद्या नसलेलं. तिओसिंते असं नव्हतं. ते झुडपासारखं फुटत जातं. फांद्या आवरणाऱ्या एका जनुकाच्या बऱ्याच अलीकडे, सुमारे साठ हजार अक्षरं दूर, ‘हॉपस्कॉच’ नावाचा एक हलता तुकडा कधीतरी येऊन बसला. त्याच्या बसण्याने ते जनुक जास्त जोराने चालू लागलं आणि फांद्या आवरल्या. हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. तुकडा मात्र मका माणसाच्या हाती येण्याच्या निदान दहा हजार वर्षं आधीच तिथे बसला होता, रानात, कुणाच्याही उपयोगाचा नसलेला. मग कुणीतरी, बहुधा धान्य वेचणाऱ्या हातांनी, सरळ ताटाचं गवत निवडलं आणि पुन्हा निवडलं. आज आपण जिला मक्याची ओळख म्हणतो त्या ताठ उभ्या ताटात त्या आगंतुकाचा वाटा आहे. पेशीने त्याला हाकललं असतं, तर हे शेत असं दिसलं नसतं.

निवडणाऱ्या हातांवरून एक व्यवहाराची गोष्ट. धडगाव-अक्कलकुवा भागातले मक्याचे आणि ज्वारीचे गावरान वाण गावातच टिकावेत म्हणून बायफ संस्थेने शेतकऱ्यांबरोबर, महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पात, बियाणे बँकांचं काम केलं आहे. वाण शुद्ध करताना कणसं सारखी, दाणे एकरंगी निवडले जातात. ते बरोबरच आहे, पिकासाठी तसंच करावं लागतं. चितकबरा दाणा तेव्हा ‘भेसळ’ म्हणून कोंबड्यांपुढे जातो. प्रत्येक ठिपका हलत्या तुकड्याचाच असतो असं नाही. डाग बुरशीचाही असतो, आणि मक्यातलं रंगाचं एक जनुक आईकडून आलं तर दाणा भरदार रंगाचा आणि बापाकडून आलं तर चितकबरा करतं. पण पेशीतली ही राखण कुठे सुटली, हे भिंगाशिवाय, प्रयोगशाळेशिवाय दाखवणाऱ्या खुणा आपल्यापाशी फार थोड्या आहेत. मॅक्लिंटॉक याच कारणासाठी दाणे निरखत बसायच्या, आणि पुढे कित्येक वर्षं त्यांनी लॅटिन अमेरिकेतल्या गावरान मक्यांची गुणसूत्रं तपासली. त्याचं पुस्तक १९८१ मध्ये निघालं.

म्हणून बियाणे राखणाऱ्यांना आणि आश्रमशाळांत विज्ञान शिकवणाऱ्यांना एक विनंती. या हंगामात कणसं सोलताना ठिपक्याचा किंवा रेघांचा दाणा सापडला, तर तो बाजूला ठेवा. कोरड्या डबीत, गाव, शेत आणि साल लिहून. पुढच्या पावसात ते दाणे मुख्य पिकापासून दूर, एका वेगळ्या ओळीत पेरा. केस बाहेर पडायच्या आत कणसांवर आणि पूड उडायच्या आत तुऱ्यांवर कागदी पिशव्या बांधा, त्याच ताटाची पूड त्याच ताटाच्या केसांवर झटका. मग कणीस सोलून बघा: ठिपके वाढले, बारीक झाले, की दाणे पुन्हा एकरंगी झाले. मुलांना मोजायला लावा आणि मोजलेलं वहीत उतरवून घ्या.